तीनदा वाचायचं कार्ड

रेडिओचं नाव काढलं की बोरमाळच्या मंगलच्या कपाळाची शीर उठते. एकवीस वर्षं झाली, तिच्या घरात रेडिओ वाजलेला नाही. होता तो संच तिनं पोत्यात घातला, पोत्याचं तोंड सुतळीनं शिवलं आणि शेळ्यांच्या खोपटात आढ्याला टांगून ठेवला, फाशी दिल्यासारखा. आणि तरी आटपाडीच्या पलीकडच्या कोरड्या माळावर, बाराच्या बारा वस्त्यांत, तिला आजही ‘रेडिओवाली मंगल’ म्हणूनच ओळखतात. चिडायला एवढं कारण पुरेसं होतं, पण तिच्याकडं आणखीही होतं.

गेल्या महिन्यात सांगलीहून, विश्रामबागेतल्या ‘कृष्णातीर’ केंद्रातून फोन आला. उत्कर्षा नावाची पंचविशीतली मुलगी बोलत होती.

“आजी, आमच्या स्टेशनला चाळीस वर्षं झाली. जुन्या श्रोत्यांना आम्ही थेट कार्यक्रमात बोलावतोय. गोदामात तुमची शेकड्यानं कार्डं सापडलीत. तुम्ही आलात तर खूप मजा येईल.”

“मजा?” मंगल म्हणाली. “कुनाला येनार मजा?”

आणि लगेच तिनंच विचारलं, “बोलताना मधी कोन आडवनार न्हाई न्हवं? समदं जसंच्या तसं आईकू जानार?”

“थेट असतं आजी. शिवाय मोबाईलवरून जगभर ऐकू जातं.”

“जग नगं मला. बोरमाळात आईकू गेलं म्हंजी झालं. येते मी.”

नवरा, कोंडीबा, उंबऱ्यात बसून सुतळी वळत होता. कुणाचा फोन म्हणून त्यानं विचारलं. रेडिओचा, असं मंगलनं सांगितल्यावर त्याचा हात थांबला.

“कशाला जातीस? जुनी मढी उकरून काय मिळतंय?”

“माझं मढं हाय त्ये. मी उकरीन न्हाईतर पुरीन,” मंगल म्हणाली आणि भाकरी थापायला बसली. त्या दिवशी भाकरी इतक्या जोरात थापल्या गेल्या की शेजारणीनं डोकावून पाहिलं.

तिचं मढं काय होतं ते सांगायला चाळीस वर्षं मागं जावं लागेल. मंगल चौथी शिकलेली. लग्न होऊन बोरमाळात आली तेव्हा लिहिता येणारी वस्तीत ती एकटी बाई. दिवाळी झाली की वस्तीतले बापये मेंढरं घेऊन पश्चिमेला उतरायचे, कृष्णेच्या अंगाला, कराड-मलकापूरकडं, जिथं ऊस तुटून रानं मोकळी व्हायची. चार दिवस या रानात, चार दिवस त्या. उघड्यावरच्या त्या फिरत्या बिऱ्हाडाला ही माणसं वाडा म्हणतात. ज्याला पत्ताच नाही त्याला पत्र कुठं टाकायचं? म्हणून पत्र रेडिओला टाकायचं. ‘कृष्णातीर’वर दिवेलागणीला पावणेसातच्या ठोक्याला ‘निरोप’ लागायचा. मेंढरं जाळीत कोंडून झाली की वाड्यावाड्यावर खांद्यावरचा संच खाली उतरायचा आणि पंधरा मिनिटं कुणी खोकायचंसुद्धा नाही.

हे निरोप मंगल लिहायची. बारा वस्त्यांतल्या बायका तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या, आणि ती कार्डावर बारीक अक्षरात उतरवून घ्यायची. गाय व्याली, कालवड झाली. थोरलीचं जमलं, माघात यायचं बघा. धाकट्याचा दात पडला, तुमची आठवण काढतो. एकदा एका सासूनं अर्धा तास सुनेच्या कागाळ्या सांगितल्या, मंगलनं ऐकून घेतल्या आणि कार्डावर लिहिलं, ‘घरी सर्व खुशाल.’ त्या सुनेनं पुढं तिला पायलीभर मटकी आणून दिली. 

केंद्रावर हे निरोप वाचायचे आकारामअण्णा. मंगलनं त्यांना कधी पाहिलं नाही, पण सख्ख्या भावापेक्षा त्यांचा आवाज तिच्या ओळखीचा होता. ‘रानातल्या मंडळींनो, बसा जरा’ असं म्हणून ते सुरुवात करायचे. या माणसानं माळावरच्या लोकांची एक रीत नीट समजून घेतली होती. कुणी गेलं तर ते कार्डावर लिहायचं नाही आणि रेडिओवर बोलायचं नाही. माणूस रानात एकटा असतो, ऐकून कोसळला तर तोंडात पाणी घालायला जवळ कुणी नसतं. म्हणून लिहायचं ‘आजारी आहे, निघावे’ आणि कार्डाचा उजवा कोपरा फाडायचा. आकारामअण्णा साधा निरोप एकदा वाचायचे. कोपरा फाडलेलं कार्ड तीनदा वाचायचे, सावकाश, आणि त्यानंतर गाणं लावायचे नाहीत. अर्धं मिनिट रेडिओ मुका राहायचा. त्या अर्ध्या मिनिटात रानातल्या माणसाला कळायचं ते कळायचं. तो उठायचा, मेंढरं सोबत्याच्या हवाली करायचा आणि मिळेल त्या गाडीनं घरचा रस्ता धरायचा. कुठं नियम लिहिलेला नव्हता, पण अठरा वर्षांत तो एकदाही चुकला नाही.

मग आकारामअण्णा निवृत्त झाले आणि केंद्राला शिंगं फुटली. नवे लोक आले. त्यांनी आधी ‘निरोप’ पंधरा मिनिटांचा पाच मिनिटांवर आणला. मग एक उन्हाळाभर तो दुपारी तीनला हलवला. दुपारी तीनला मेंढका मेंढरांमागं असतो, हे त्या खुर्चीतल्या शहाण्यांना कुणी सांगायचं? मंगलनं सांगितलं. चाळीस कार्डं धाडली, प्रत्येकावर एकच ओळ: ‘मेंढरं दुपारी बसत नाहीत.’ तेव्हा कुठं ‘निरोप’ पुन्हा पावणेसातला आला. आणि दोन हजार चारच्या एक जानेवारीला त्यांनी सगळंच मोडलं. दिवसभर गाणी. वाचणारा आता निवेदक राहिला नाही, जॉकी झाला. ‘निरोप’ गेला आणि त्याच्या जागी ‘एक निरोप, एक गाणं’ आलं. हसत वाचायचं, एकदाच वाचायचं, लगेच गाणं लावायचं. याला ते म्हणत फॉरमॅट. पाटी बदलली तरी दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो. यांनी ज्यांच्या जिवावर अठरा वर्षं काढली त्यांना एका शब्दानं विचारलं नाही.

मंगलला हे कळलंही नाही. त्याच महिन्यात तिची सासू, तानुबाई, अंथरुणाला खिळली होती. तिचं हगणंमुतणं काढण्यात मंगलचे दिवस जात होते, रेडिओ लावायला उसंत कुठली? नऊ जानेवारीला पहाटे म्हातारी गेली. तिला कोंडीबा एकटाच मुलगा, आणि तो मलकापूरच्या रानात. मंगलनं रडं गिळलं, कार्ड घेतलं, लिहिलं, कोपरा फाडला आणि धावत फाट्यावर जाऊन सांगलीच्या पहिल्या एसटीच्या कंडक्टरच्या, नानासोच्या, हातात दिलं. निकडीची कार्डं तो नेहमीच केंद्राच्या पेटीत टाकायचा. कार्ड बघून त्यानं टोपी काढली. भावकीनं ठरवलं, मुलाचा हात लागल्याशिवाय माती द्यायची नाही. संध्याकाळी निरोप ऐकला की रात्रीतून निघून तो सकाळपर्यंत पोचणार, असा हिशोब. मढं घरात असताना रेडिओ लावत नाहीत, म्हणून वस्तीत त्या दिवशी कुणीच लावला नाही. बोरमाळचे बाकीचे वाडे त्या साली भीमेकडं गेले होते, तिथं हे केंद्र लागत नव्हतं.

दुसरी सकाळ झाली, दुपार झाली, कोंडीबा आला नाही. शेवटी कलत्या उन्हात भावकीतल्या पुतण्याच्या हातानं म्हातारीला माती दिली.

कोंडीबा आला नवव्या दिवशी, मेंढरं पुढं घालून, चालत. वेशीवर कुणीतरी त्याच्या गळ्यात पडलं तेव्हा त्याला कळलं. ओट्यावर सगळी भावकी बसली होती. थोरल्या चुलत्यानं विचारलं, “कोंडीबा, निरोप धाडूनबी तू आला न्हाईस?” आणि कोंडीबा मान खाली घालून म्हणाला, “निरोप आलाच न्हाई, तात्या. जिवाला कसंतरी वाटाय लागलं म्हनून मेंढरं वळवली.”

झालं. बायकांनी पदर तोंडाला लावले. लेकराला बघा आईची कशी ओढ, न सांगता कळलं! आणि सून बघा. शिकलेली म्हणून मिरवते, बारा वस्त्यांची कार्डं लिहिते, आणि स्वतःच्या सासूचं कार्ड टाकलं नाही! सासूशी पटत नव्हतंच तिचं. नानासोची पुढच्याच महिन्यात विट्याच्या आगारात बदली झाली. त्याला विचारायला कुणी गेलं नाही. दोष द्यायला घरातली बाई आयती असताना कंडक्टरच्या मागं कोण जातं?

मंगलनं रेडिओ लावून पाहिला तर त्यात नुसती गाणी आणि खिदळणं. ‘निरोप’ कुठंच नाही. तिची खात्री पटली की नव्या लोकांनी कार्ड न वाचताच फेकलं. तिनं विचारणा करणारी अकरा कार्डं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. त्यानंतर तिच्या ओट्यावर कार्ड लिहून घ्यायला कुणी बाई फिरकली नाही. तानुबाईच्या वर्षश्राद्धाला नैवेद्याच्या ताटाला तिला हात लावू दिला नाही. मुलीच्या लग्नात नणंद भर मांडवात बोलली, “हिच्या आईनं माझ्या आईचा निरोप दाबला, हिला सासरी नीट नांदवून घ्या.” कोंडीबा शेजारीच उभा होता. तो अक्षत हातात घेऊन जमिनीकडं पाहत राहिला. मंगलला वाटलं, भोळा माणूस, बहिणीपुढं तोंड उघडत नाही. 

‘कृष्णातीर’चं पुढं काय झालं ते तिच्या कानावर पडत होतंच. जॉकी लोकांना खोटे फोन करून फसवायचे आणि हसायचे. मग जॉकीही गेले. पुण्याहून तयार गाणी यायची आणि यंत्र ती वाजवायचं, इमारतीत म्हणे शिपायाशिवाय कुणी नसायचं. आणि आता नवीन टूम निघाली होती जुन्या आठवणींची. आधी मोडायचं आणि मग मोडलेल्याचं प्रदर्शन मांडून टाळ्या घ्यायच्या. मंगलला हे सगळं कळत होतं. तिला टाळ्या नको होत्या. आपण कार्ड टाकलं होतं, हे केंद्राच्या तोंडून, भावकीच्या कानावर एकदा पडावं, एवढंच तिला हवं होतं.

ठरल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ती सांगलीला गेली. बोरमाळात बिरोबाच्या देवळापुढं सगळे जमणार होते, भावकीतला एक पोरगा मोबाईल मोठ्या स्पीकरला जोडणार होता. कोंडीबाला तिनं निघताना बजावलं, “तुमीबी जावा. म्होरं बसा.” तो सुतळी वळत राहिला.

विश्रामबागेतली ती इमारत काचेची होती. आत शिरताच उत्कर्षानं तिचा हात धरला आणि तिला भिंतीपुढं उभं केलं. “बघा आजी, तुमची भिंत!”

भिंतभर दोऱ्या ताणून त्यावर लाकडी चिमट्यांनी कार्डं लटकवली होती, मधून मधून पिवळे दिवे लुकलुकत होते. काही परक्या हातची, बाकी सगळीकडं मंगलचं अक्षर, मंगलची शाई. कुणाची गाय, कुणाची सोयरीक, कुणाचा दात. दोन पोरी त्यापुढं उभ्या राहून स्वतःचे फोटो काढत होत्या. मंगलची नजर फिरत फिरत तिसऱ्या दोरीवर गेली आणि तिथंच थांबली.

“त्ये कार्ड काढ,” ती म्हणाली.

“ते? ते जरा फाटलंय आजी. पण जुनं दिसतं म्हणून मुद्दाम मध्ये लावलं. तसली आणखीही आहेत.”

“फाटलं न्हाई, फाडलंय. त्ये माझ्या सासूचं मढं हाय. आन तू त्याला दिवं लावल्यात व्हय गं?”

उत्कर्षाला काही कळलं नाही, पण बाईच्या आवाजानं ती दचकली. तिनं चिमटा काढून कार्ड दिलं. आणि खरं सांगायचं तर या पोरीचा त्यात काय दोष? ती तेव्हा चार वर्षांची होती. तिला मंगलनं तिथंच, उभ्याउभ्या, कोपऱ्याची रीत सांगितली. ऐकता ऐकता पोरगी वळली आणि भिंतीवरची कोपरा फाडलेली सगळी कार्डं एकेक करून काढू लागली. सतरा निघाली.

मंगलनं आपलं कार्ड उलटं केलं. मागं निळा शिक्का होता: ‘प्रसारित.’ त्याखाली तारीख, नऊ जानेवारी. वेळ, सहा बावन्न. आणि लाल शाईत कुणीतरी खरडलं होतं, ‘१ वेळ. नंतर गाणे.’

कार्ड पोचलं होतं. वाचलंही होतं. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मंगलच्या छातीवरचा धोंडा हलला. तिला ओरडावंसं वाटलं, अरे मेल्यांनो, बघा, मी टाकलं होतं! आणि तो आनंद पुरता वर यायच्या आधी तिला दुसरं दिसलं.

सहा बावन्न. त्या वेळी कोंडीबाचा रेडिओ बंद असणं शक्य नव्हतं. आई आजारी म्हणून तो रोज कान लावून बसत असणार. आणि तो आला होता जानेवारीत. बोरमाळचा मेंढका ज्येष्ठाच्या तोंडावर परततो. भर हंगामात, हिरवी रानं सोडून, कुणी मेंढरं कोरड्या माळाकडं वळवतं का? जिवाला कसंतरी वाटलं म्हणून? त्यानं ऐकलं होतं. एकदाच ऐकलं, वर गाणं लागलं, म्हणून त्याला वाटलं आई नुसती आजारी आहे. म्हणून तो मेंढरं घेऊन, रोज तीन-चार कोस चालत, नवव्या दिवशी पोचला. हे सगळं इतकं सरळ होतं, आणि इतकी वर्षं आपल्याला दिसलं नाही, याचाच तिला पहिला राग आला. मग बाकीचा आला. 

“आजी, पाणी देऊ?” उत्कर्षानं विचारलं.

“नगं. कुटं बसायचंय?”

स्टुडिओत केंद्राचा प्रमुख जयराज स्वतः मुलाखत घेणार होता. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हसरा माणूस. बोलता बोलता तो कौतुकानं म्हणाला की दोन हजार चारमध्ये ‘एक निरोप, एक गाणं’ त्यानंच सुरू केलं होतं, त्याची पहिली नोकरी. मंगलनं कार्ड त्याच्यापुढं धरलं.

“ह्ये लाल अक्षर तुमचं?”

“अरे वा! हो, माझंच,” तो म्हणाला. “कसं जपून ठेवलंय बघा आम्ही.”

“तीनदा का न्हाई वाचलं?”

“तीनदा?” त्याला खरोखरच माहीत नव्हतं. “आजी, तेव्हा फॉरमॅट बदलला होता ना. एक निरोप एकदाच.”

“कोपरा दिसला न्हाई?”

“वाटलं असेल, टपालात फाटलं.”

“मागल्या मानसाला इचारायचं तरी! आकारामअन्ना ह्याच गावात व्हते. सायकलवर दहा मिंटं लागली आसती तुमाला. तेवढी दहा मिंटं तुमच्या फारमाटात न्हवती व्हय?”

जयराज काही बोलणार तेवढ्यात काचेपलीकडून उत्कर्षानं हात वर केला आणि लाल दिवा लागला. त्याचा चेहरा क्षणात पुन्हा हसरा झाला. “नमस्कार मंडळी! आज आपल्यासोबत आहेत बोरमाळच्या मंगलआजी. आजी, सांगा, एखादी गोड आठवण?”

मंगलनं हातातल्या कार्डाकडं पाहिलं. तिला बिरोबाचं देऊळ दिसत होतं, स्पीकर, त्याभोवतीची डोकी, आणि पुढं बसलेला नवरा. शिक्का वाचला की तिच्यावरचा डाग जाणार आणि त्याच्यावर बसणार होता. न वाचावा, तर आली तशी परत जायचं आणि मरेपर्यंत नैवेद्याच्या ताटाला हात लावायचा नाही. दोन्ही एकदम वाचवायचा मार्ग नव्हता. त्यानं मांडवात काय केलं होतं ते तिला आठवलं. तिनं कार्ड सरळ धरलं.

तिनं आयुष्यात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. कार्डावर लिहायची, पण तोंडानं नाही.

“रानातल्या मंडळींनो, बसा जरा,” ती म्हणाली. “मलकापूरच्या रानात असलेले कोंडीबा बिरा यांस निरोप. आई तानुबाई आजारी आहे. असाल तिथून निघावे.”

जयराज हसून म्हणाला, “वा, काय छान...” तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

“कोंडीबा बिरा यांस निरोप. आई तानुबाई आजारी आहे. असाल तिथून निघावे.”

आता तोही हसत नव्हता.

“कोंडीबा बिरा यांस निरोप,” ती तिसऱ्यांदा वाचू लागली, तितकंच सावकाश. “आई तानुबाई आजारी आहे. असाल तिथून निघावे.”

जयराजनं घाईनं काचेकडं बघून गाण्याची खूण केली. उत्कर्षानं बटणावरचा हात काढून मांडीवर ठेवला. त्यानं पुन्हा खूण केली. ती तशीच बसून राहिली. अर्धं मिनिट ‘कृष्णातीर’ मुकं राहिलं.

मग मंगल म्हणाली, “आसं वाचायचं व्हतं ह्ये कार्ड. ह्ये मी टाकलं. ह्ये पोचलं. नऊ जानेवारीला सांजच्याला सहा बावन्नला ह्ये वाचलं, एकदा, आन वर गानं लावलं. शिक्का हाय मागं. बोरमाळवाल्यांनो, आईकलं का? आता त्या सांजला ज्यानं आईकलं त्यानं बोलावं. माझं संपलं.” आणि तिनं कानावरचं यंत्र काढून ठेवलं.

बाहेर जयराज तिच्या मागं आला. त्याचा चेहरा उतरला होता. सॉरी म्हणाला, दोनदा म्हणाला. चहा घ्या, शाल तरी घ्या म्हणाला. 

“शाल त्या सतरा कार्डांवर घाला,” मंगल म्हणाली. “माझ्या एकटीचं न्हाई त्यात. कुनाकुनाचं कार्ड तुमी एकदाच वाचलंय ती यादी काढा, आन घरोघरी जाऊन सांगा. गाडीनं जावा, चालत नगं.”

उत्कर्षा तिला स्टॅंडपर्यंत सोडायला आली. वाटेत ती एवढंच म्हणाली की यादी ती स्वतः काढेल. मंगलनं तिच्या गालाला हात लावला आणि गाडीत चढली. तीन तासांच्या वाटेत तिनं कार्ड एकदाही पिशवीत ठेवलं नाही.

दिवेलागणीला ती फाट्यावर उतरली. कोंडीबा एकटाच उभा होता, काठीवर भार देऊन. तो कितीतरी वेळ आधी येऊन थांबलेला असावा, पायाशी विड्यांची थोटकं पडली होती.

“एकदाच वाचलं व्हतं गं,” तो म्हणाला. “वर गानं लागलं. मला वाटलं, आजारीच हाय.”

मंगलला माहीत होतं की तो खरं बोलतोय. त्याच्या जागी ती असती तर तिलाही तसंच वाटलं असतं, बोरमाळच्या कुणालाही वाटलं असतं. त्या चुकीचा राग तिला त्याच्यावर नव्हता.

“मग ओट्यावर तसं का न्हाई सांगितलं?”

“समदी बसली व्हती. आई आजारी हाय कळलं, तरी लेक मेंढरामागनं चालत आला, आसं म्हनली आसती. तोंडातनं निघून गेलं.”

“निघून गेलं. बरं. आन त्ये परत घ्यायला एकवीस वरसं पुरली न्हाईत? पोरीच्या मांडवात तुमी माझ्या शेजारी हुबं व्हता. ननंदबाई बोलत व्हत्या आन तुमी अक्षता मोजत व्हता. मी दर सालाला सासूबाईंच्या फोटोपुढं म्हनत व्हते, कार्ड मी टाकलं वो, कुटं गेलं ठावं न्हाई. तुमी आईकत व्हता. तुमास्नी ठावं व्हतं!”

कोंडीबाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “चुकलं माझं, मंगल. पाया पडतो तुज्या.”

“मला नगा सांगू. मला आता शिक्क्यानं सांगितलंय. देवळाम्होरं मानसं हायत न्हवं आजून?”

“हायत. उठलीच न्हाईत कुनी.”

“मग चला.”

बिरोबाच्या देवळापुढं खरोखरच सगळे होते. थोरला चुलता आता नव्वदीचा, त्याला खुर्चीवर आणून बसवलं होतं. नणंद सासरहून आलेली, पदर डोक्यावर ओढून बसली होती. कोंडीबा पायरीपाशी उभा राहिला, घसा खाकरला आणि जमिनीकडं बघून म्हणाला, “निरोप मी आईकला व्हता. मंगलनं कार्ड टाकलं व्हतं. मी खोटं बोललो.”

कोंडीबा काठी सावरून खाली बसायला निघाला.

“हुबं ऱ्हावा,” मागून मंगल म्हणाली. “आजून दोनदा.”